माणसं तीच, गल्ली वेगळी : नौपाड्याहून घोडबंदर रोडला गेलेलं एक घर

काटकसरीबद्दल बोलताना आपण माणसाच्या स्वभावाला फार श्रेय देतो. अमक्याच्या घरी काही वाया जात नाही, तमक्याची आजी पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालते, वगैरे. इथे मांडलेलं प्रकरण या समजुतीला छेद देणारं आहे. पाच माणसांचं एक कुटुंब ठाण्यातल्या ठाण्यातच एका भागातून दुसऱ्या भागात राहायला गेलं. माणसं तीच राहिली, पगार आणि सवयीही त्याच राहिल्या, तरी वर्षभरात घरात येणाऱ्या वस्तू आणि घराबाहेर जाणारा कचरा डोळ्यांत भरण्याइतका वाढला. तो कमी करायला त्यांनी काय काय केलं, त्यातलं काय जमलं आणि काय फसलं, याची ही नोंद. ते राहतात त्या सोसायटीच्या कमिटीवर मी आहे, त्यामुळे गेटवर जे घडलं ते मला आतून दिसलं.

परिस्थिती

कुटुंब मूळचं नौपाड्यातलं, राम मारुती रोडच्या मागच्या एका तीन मजली इमारतीतलं. इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर दरमहा भाडं देतो, पण तेवढ्यात नौपाड्यात पाच जणांना पुरेल असं घर मिळेना. म्हणून कासारवडवलीच्या बाजूला एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर ते भाड्याने आले. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, एका कंपनीत अकाउंट्स बघणारा त्यांचा मुलगा, शाळेत शिकवणारी सून (तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो), इंजिनिअरिंगला असलेली नात आणि नववीतला नातू.

घर सोडताना माळा रिकामा झाला. पाट, जातं, तांब्याचा बंब, गोधड्यांचे दोन गठ्ठे. त्यातलं बरंच वाटलं गेलं, भांडी मोडीत गेली, आणि जुन्या साड्या-शर्टांच्या बदल्यात बोहारणीने आजींना स्टीलचं एक पातेलं दिलं. त्यावर घासाघीस करण्यात आजींचा अर्धा तास गेला. एका टेम्पोत मावेल तेवढंच न्यायचं असं ठरलं होतं आणि ते पाळलंही. म्हणजे नव्या घरात पाय ठेवताना या लोकांकडे सामान कमी होतं, आणि ते तसंच राहावं अशी मनापासून इच्छाही होती.

सहा-सात महिन्यांत सुक्या कचऱ्याचा डबा रोज भरायला लागला. नौपाड्यात तो तीन-चार दिवसांनी खाली जायचा. घनकचऱ्याचे २०१६ चे नियम आल्यापासून ओला-सुका वेगळा ठेवायची सवय घरात होतीच, त्यामुळे फरक लपला नाही. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिवा भागातल्या डम्पिंगवर जात होता. वहिनींची बहीण दिव्यात राहते, उन्हाळ्यात तिथे आग लागली की धुराने खिडक्या बंद करून बसावं लागायचं हे या घराला ऐकून माहीत होतं. त्यामुळे भरलेला डबा त्यांना नुसता गैरसोयीचा वाटला नाही.

नातीची वही

नातीने एक काम चांगलं केलं. तिने वही घातली. दारातून आत जे जे येईल ते लिहायचं : वस्तू, तिच्यावरचं वेष्टन, आणि का घेतली. तिसऱ्या रकान्यात घरातल्या कुणीही कारण लिहावं अशी सूट होती. वही मी पाहिली आहे. ‘संपलं होतं’ हे कारण अपेक्षेपेक्षा कमी वेळा आहे. सगळ्यांत जास्त वेळा आहे ‘डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून’. एका ओळीत कोथिंबीर, तिच्यासोबत बिस्किटाचे दोन पुडे, हात धुण्याचा साबण आणि नातवाच्या अक्षरात ‘आधीचा आहे पण’ एवढंच.

कोथिंबिरीचंच घ्या. नौपाड्यात भाजीवाली पिशवीत भाजी ओतल्यावर वर मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्त्याची काडी टाकायची, त्याचे पैसे कुणी धरायचं नाही. इथे तीच कोथिंबीर भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, ते पाकीट कागदी पिशवीत, आणि ती पिशवी अकराव्या मजल्यावर. कढीपत्त्याचं पाकीट वेगळं. त्यातला अर्धा फ्रिजमध्ये काळा पडतो, कारण पाकीट मोठं आणि फोडणीला पानं लागतात आठ.

मग नातीने जुन्या वाण्याची मासिक यादी मिळवली. महिन्याचा सगळा किराणा एका फुलस्केप कागदावर होता : तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, साबुदाणा, सगळं सुटं, कागदी पुड्यांत किंवा घरच्या डब्यांत. गहू निवडून गिरणीत जायचे. भाजणी दळायची असली तर गिरणीवाला सांगायचा, ‘उद्या सकाळी आणा, ज्वारी झाल्यावर लावतो’, म्हणजे पिठाला पीठ लागणार नाही. मिक्सरचं कपलर तुटलं, कुकरची रिंग सैल झाली, शर्टाची कॉलर विरली, तर गल्लीत माणूस होता. उसवलेली पर्स नातवाने शाळेत जाता जाता चांभाराकडे टाकायची आणि येताना उचलायची.

नव्या घराच्या आसपास यातलं काही दिसत नव्हतं. खाली दोन मेडिकल, एक सलून, एक केकचं दुकान आणि इस्टेट एजंट. पीठ पाच किलोच्या पॅकमध्ये यायला लागलं. कुकरची रिंग जाताच नवा कुकरच आला, कारण रिंग ऑनलाइन मागवली ती दोनदा चुकीच्या मापाची निघाली. हे कुणाच्याही उधळपट्टीतून झालं नाही, आणि प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथेच आहे. आजींच्या काटकसरीमागे गिरणी, वाणी, शिंपी, चांभार आणि भंगारवाला अशी अख्खी फळी उभी होती. ती फळी गेल्यावर संस्कार एकटे पडले.

मनावर घेण्याचे दिवस

पहिला उपाय अर्थातच निश्चयाचा. किराण्याचं ॲप फोनमधून काढून टाकायचं, महिनाभर नवं काही घ्यायचं नाही. हे टिकलं नाही, आणि न टिकण्याचं कारण आळस नव्हतं. वहिनींची शाळा नौपाड्यातच आहे. शाळा सुटल्यावर टीएमटीच्या बसने घोडबंदर रोडची गर्दी आणि मेट्रोच्या कामाचे अडथळे पार करत घरी पोचायला दिवे लागणीची वेळ होते. ॲप गेल्यावर सगळ्यांनी न बोलता गृहीत धरलं की येताना भाजी, दही, सुटा किराणा त्या आणतील. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, बसमध्ये उभं राहून सुमारे दहा किलोमीटर. पर्यावरणाचं सगळं ओझं एका बाईच्या खांद्यावर टाकून घर हिरवं करायचं, याला काय म्हणायचं? मी तरी याला सुधारणा म्हणणार नाही. महिना संपायच्या आत वहिनींनीच ॲप परत घातलं आणि ते योग्य केलं.

दुसरा प्रयत्न मुलाचा. शनिवारी गाडी काढायची, जांभळी नाक्याला जाऊन घाऊक बाजारातून सुटा माल आणायचा. हिशेब मांडला तेव्हा गंमत कळली. जाऊन-येऊन वीस किलोमीटर, अर्धा वेळ पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे दीड-दोन लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाचलेली प्लास्टिकची पाकिटं वजनाला पाव किलोही भरली नसती. पाकीट हातात दिसतं, धूर दिसत नाही, म्हणून पाकीट वाचवल्याचं समाधान मोठं वाटतं. फेरी बंद झाली. आता डाळ-तांदूळ दोन-अडीच महिन्यांचे एकदम भरतात, तेही दुसऱ्या कामाने तिकडे जाणं झालं तर.

तिसरा मोह सगळ्यांत फसवा होता : कमी वस्तू वापरण्यासाठी वस्तू विकत घेणं. बांबूचे टूथब्रश, स्टीलचे स्ट्रॉ (या घरात स्ट्रॉने कुणी काही पीत नाही), घरघंटी घ्यावी का यावर झालेली चर्चा. आणि कापडी पिशव्या. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आल्यापासून प्रत्येक दुकान, लग्न, सत्कार समारंभ कापडी पिशवी देतो, आणि या घरात त्यांचा एक वेगळा कप्पाच झाला होता. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या सुती पिशवीने, केवळ हवामानावरचा परिणाम धरला तरी, पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला ती पन्नासहून जास्त वेळा वापरावी लागते, आणि सगळे परिणाम धरले तर आकडा सात हजारांवर जातो. अर्थात त्या अभ्यासात रस्त्यावर, नाल्यात, खाडीत जाणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब नाही. ठाण्याच्या माणसाला तो विसरता येत नाही, कारण पावसात तुंबलेला नाला त्याने पाहिलेला असतो. पण कप्प्यात पडून राहिलेली सुती पिशवी कुणाचंच भलं करत नाही, हे खरं. आजींनी चार पिशव्या ठेवल्या, बाकीच्या पिशव्यांच्या गोधडीच्या आतल्या थरासाठी पट्ट्या काढल्या.

विजेचं वेगळं

विजेचं बिल वाढलं त्यात सवयीचा दोष जवळजवळ नव्हता. जुन्या घराला समोरासमोर खिडक्या आणि त्यांवर सज्जे होते, पंख्यावर भागायचं. इथे पश्चिमेला मोठी सरकती काच आणि वर सावली नाही. चारच्या उन्हाने तापलेली भिंत रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहते. एसी लागतोच. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५००. जुनं बिल ३०० युनिटच्या आत असायचं, उन्हाळ्यात नवं पुढच्या टप्प्यात जाऊन बसलं आणि वरच्या युनिटांना चढा दर लागला.

एसी २४ ऐवजी २६ वर ठेवून पंखा सोबत चालू ठेवणं, हा साधा उपाय लागू पडला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. पण खरा फरक बाल्कनीत बांबूची चिक लावल्यावर पडला. आत कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेतून आत आल्यावर उष्णता घरातच राहते. ते काचेच्या बाहेर अडवावं लागतं. गंमत अशी की, सोसायटीच्या नियमात बाहेरून दिसेल असं काही लावायला बंदी होती, इमारतीचं ‘एलिव्हेशन’ बिघडतं म्हणून. कमिटीत मी हा विषय मांडला, आणि एकाच रंगाची चिक बाल्कनीच्या कठड्याच्या आत लावायला परवानगी मिळाली. त्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या बऱ्याच घरांनी ती लावली.

पाण्याबद्दल एवढंच : ठाण्याला स्वतःचं धरण नाही, आणि घोडबंदर पट्ट्यात टँकर हे रोजचंच. पालिकेचं पाणी, बोअर आणि टँकर यांचं मिश्रण येतं, म्हणून आरओ बसवला. तो शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी नळीने बाहेर टाकतो. ती नळी आता बादलीत सोडलेली असते आणि त्या पाण्याने लादी पुसली जाते. आजींना हे बघून बरं वाटतं, इतरांना सवय झाली आहे.

गेटवर काय अडतं

वहिनींना एका रविवारी बोहारणीची आठवण झाली. मुलांचे लहान झालेले कपडे साठले होते. आमच्या गेटवर पाटी आहे : ‘फेरीवाले, भंगारवाले व विक्रेत्यांना प्रवेश नाही.’ त्याच गेटमधून डिलिव्हरीची मुलं दिवसभर आत-बाहेर करतात. गार्ड फोनवर विचारतो, घरातून होकाराचं बटण दाबलं जातं, लिफ्ट थेट दारात. वहिनींनी सर्वसाधारण सभेत हे असं मांडलं : ‘आपलं गेट वस्तू आत येऊ देतं, दुरुस्त करणाऱ्याला आणि जुनं नेणाऱ्याला अडवतं. मग कचरा वाढला म्हणून हाउसकीपिंगवर ओरडून काय होणार?’

सभेत उत्तरं ठरलेली आली. सुरक्षेचा प्रश्न आहे. एकदा आत घेतलं की रोज येतील. एका सभासदांनी सोसायटीच्या ‘स्टँडर्ड’चा मुद्दा काढला, त्यावर मागून कुणीतरी हसलं आणि वातावरण थोडं निवळलं. एक हरकत मात्र खरीच वजनदार होती. रद्दी आणि बाटल्या सफाई कामगार वेगळ्या काढून विकतात, भंगारवाला आला तर त्यांची वरकमाई जाते. ते मान्य करून भंगारवाल्याचा विषय सोडून दिला. महिन्यातल्या एका रविवारी, गेटजवळच्या पार्किंगच्या कोपऱ्यात दुरुस्तीवाल्यांनी बसायचं, एवढं मंजूर झालं.

पहिल्या रविवारी गर्दी झाली, अर्धी कुतूहलाची. धारवाला सायकल उलटी लावून बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. अख्ख्या टॉवरमधल्या सुऱ्या बोथट होत्या. कपडे आखूड-लांब करणाऱ्या बाईंचं काम सगळ्यांत जोरात चाललं आणि आजही चालतं. आल्टरेशनला पन्नास-शंभर रुपये घेतात, आणि एक शर्ट आणखी दोन वर्षं अंगावर राहतो. एका सुती टी-शर्टला कापसापासून धरून सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असं सांगितलं जातं. ते बाजूला ठेवा, आवडता शर्ट परत घालता येतो हेच लोकांना पुरेसं असतं. मिक्सर-कुकरवाल्याचं मध्यम. जुन्या मिक्सरचे कपलर, बुश तो बसल्या जागी बदलतो. नव्यांत काही ठिकाणी भाग उघडतच नाहीत, किंवा सुटा भाग मिळत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली, पोर्टलही काढलं. आमच्या कोपऱ्यातल्या मेकॅनिकला त्याचा अजून काही उपयोग झालेला नाही, तो म्हणतो, ‘साहेब, मला पार्ट द्या, हक्क नंतर द्या.’

चांभाराचं जमलं नाही. हल्लीच्या स्पोर्ट्स शूजचा सोल सुटला की तो शिवता येत नाही, चिकटवावा लागतो आणि महिन्यात पुन्हा सुटतो. त्याचा रविवार बुडत होता, तो यायचा थांबला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्यातून एक दिवस बसून त्याचं पोट भरत नाही. त्याला रोजची गल्ली लागते.

मागचं गाव

पुढचा धागा मिळाला तो घरकामाच्या मावशींकडून. नात पिठाचा पॅक फोडत होती, त्या सहज म्हणाल्या, ‘ताई, हे कशाला आणता? गिरणी मागे गावात आहे की. मी तिथूनच दळण आणते.’

घोडबंदर रोडवर टॉवर उभे राहिले ते रिकाम्या जागेवर नाहीत. कासारवडवली, ओवळा, कावेसर, वाघबीळ ही जुनी गावं आहेत आणि त्यांची गावठाणं टॉवरांच्या मागे अजून नांदती आहेत. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गिरणी होती, लेडीज टेलर होता, सायकलवाला, सकाळी भाजी घेऊन बसणाऱ्या बायका, आणि एक वाणी जो डाळ सुटी देतो. भिंत आणि बंद असलेलं मागचं छोटं गेट यांमुळे तिथे जायला पुढून हायवेवर येऊन मोठा वळसा पडत होता. टॉवरमधल्या बहुतेकांना गावात दुकानं आहेत हेच माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ठाणं एका टोकाला, मॉल दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये फोन. मावशींना, ड्रायव्हरांना, सफाईवाल्यांना मात्र सगळं ठाऊक होतं.

या माहितीनंतर घराची घडी बदलली. दळण हे आजींच्या मुलाचं काम ठरलं, रविवारी सकाळी, डबा स्कूटरवर न नेता चालत. नातू सायकल घेऊन भाजीला जातो आणि जाताना कुरकुरतो. वहिनींकडे यादी करणं उरलं, आणि ते त्यांनी मुद्दाम स्वतःकडे ठेवलं आहे. ॲप फोनमध्ये आहेच. नातीच्या वहीत आता त्यावरून येणाऱ्या वस्तू आठवड्यातून एक-दोनदा दिसतात, बहुधा रात्री आणि बहुधा दही. सुक्याचा डबा नौपाड्याइतका हलका झालेला नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन साठवतात, पण त्या देणार कुणाला हा प्रश्न आहेच. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीचे ५० पैसे परत द्यायची तरतूद होती, ते पैसे या घराला कधी कुणी दिले नाहीत.

मागचं गेट उघडण्याचा ठराव दोन सभांत अडकला. कारण पैशाचं : तिथे गार्ड बसवायचा तर देखभाल खर्च वाढतो. शेवटी सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ एवढ्या वेळापुरतं गेट उघडायचं ठरलं, गार्ड पुढच्या गेटच्याच पाळीतला. ते उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तिथून सर्वांत जास्त ये-जा झाली ती कामवाल्या बायकांची. इतके दिवस त्या रोज तो वळसा घेत होत्या, आणि याआधी तो विषय सभेत कधी आलाच नव्हता. गिरणीवाल्याने आमच्या गेटवर लावायला फलक दिला आहे. तो लावायचा की नाही, लावला तर त्याचे पैसे घ्यायचे की नाही, यावर पुढच्या सभेत चर्चा आहे. मी फुकट लावायच्या बाजूने आहे.